सिंबिडियम: पानं भरघोस, पण फुलाचा दांडा कुठे?

पाचगणीहून नणंदेचा फोन आला तेव्हा डिसेंबरचा पहिला आठवडा होता. "वहिनी, तुमच्या त्या गवतासारख्या कुंडीतून काहीतरी गोल, जाडसर वर आलंय. पान नाही वाटत." मी फोटो मागवला. कंदाच्या बुडाशी, पानांच्या आडून, पेन्सिलीएवढा जाड हिरवा कोंब तिरका बाहेर आला होता. फुलाचा दांडा! सिंबिडियम या ऑर्किडची हीच कुंडी पुण्यात कोथरूडला आमच्या बाल्कनीत चार वर्षं नुसती पानं काढत होती. घराला रंग द्यायचा होता म्हणून जूनमध्ये मी तीन कुंड्या नणंदेकडे नेऊन ठेवल्या होत्या. कुंडी-खत काही बदललं नव्हतं. बदलल्या होत्या फक्त रात्री.

त्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं पश्चिम बंगालच्या डोंगराळ भागात, कालिंपाँगला राहिलो. तिथे व्हरांड्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर, तेलाच्या जुन्या डब्यांतसुद्धा सिंबिडियम फुललेलं असायचं आणि त्याचं कुणी फार कोडकौतुक करत नसे. त्यामुळे हे सोपं झाड आहे असंच मी धरून चालले होते. सोपं ते आहेच, पण त्याला थंड रात्र लागते आणि ती बाटलीत मिळत नाही. पुण्यात माझी चार वर्षं 'फुलं येण्यासाठी कोणतं खत घालू' हे विचारण्यात गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

झाड समजून घ्या

सिंबिडियम ही आमरी, म्हणजे ऑर्किडच. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९९ मध्ये हे नाव दिलं. फुलाची खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती होडीसारखी खोलगट असते, आणि ग्रीक भाषेतल्या होडीच्या शब्दावरून हे नाव आलं. हिमालयापासून चीन-जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत याच्या पन्नासच्या आसपास जाती आहेत. आपण फुलवाल्यांकडे पाहतो ती मोठी, मेणासारखी फुलं संकरित झाडांची. त्यातला पहिला संकर इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या नर्सरीत १८८९ मध्ये फुलला. त्याच्या आईबापांतलं एक आपल्या पूर्व हिमालयात सापडणारं पांढरं एबर्नियम आणि दुसरं ब्रह्मदेशाकडचं लोविएनम. मोठ्या फुलांच्या बहुतेक संकरांची मुळं अशी डोंगरातल्या थंड, धुकट जंगलात आहेत. झाडाच्या सगळ्या सवयी तिथूनच आल्या.

कुंडीत कांद्यासारखे फुगलेले दिसतात ते कंद म्हणजे खरं तर जाड झालेलं खोड. नर्सरीत त्यांना बल्ब म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी जुन्या कंदाच्या बुडातून नवा फुटवा येतो, तो पावसाळाभर वाढतो, पावसाळा सरताना त्याचा कंद भरतो, आणि थंडी लागली की त्या भरलेल्या कंदाच्या बुडातून दांडा निघतो. एक कंद साधारणपणे एकदाच फुलतो. पानं झडलेले मागचे कंद मेलेले नसतात. घरातल्या धान्याच्या कोठीसारखे ते पुढच्या फुटव्यांना पुरवठा करत राहतात, म्हणून 'वाळके' समजून ते उपटून टाकू नका.

या क्रमातून एक सरळ हिशेब निघतो. मार्च ते ऑगस्ट झाडाला पोसायचं, आणि सप्टेंबरनंतर त्याला गारवा आणि उजेड द्यायचा. पुढचं सगळं या दोन वाक्यांचा तपशील आहे.

झाड घेण्याआधी रात्री मोजा

दिवसाचं आणि रात्रीचं, दोन्ही टोकांचं तापमान नोंदवणारा साधा तापमापक आणा. जिथे कुंडी ठेवणार नेमका तिथे टांगा आणि सप्टेंबर ते जानेवारी रोज सकाळी आकडा वहीत लिहा. वर्तमानपत्रातला आकडा उपयोगाचा नाही, कारण तो वेधशाळेतला असतो, तुमच्या बाल्कनीतला नाही. मोठ्या फुलांच्या सिंबिडियमला दांडा धरण्यासाठी दिवसा २० ते २७ अंश आणि रात्री १० ते १४ अंश असं हवामान सलग काही आठवडे मिळावं लागतं. दिवस आणि रात्र यांच्यातला फरक दहाएक अंशांचा असेल तर उत्तम.

पुण्यात सप्टेंबरच्या रात्री २१ अंशांच्या घरात असतात, ऑक्टोबरात अठरा-एकोणीस, आणि खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा १०-१२ पर्यंत उतरते. म्हणजे थंडी येते, पण उशिरा. त्यातही आमच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब आणि मागे पश्चिमेची भिंत. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहायचं. मी एक तापमापक बाल्कनीत आणि एक गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली ठेवला तेव्हा नोव्हेंबरात दोन्हींत तीन अंशांचा फरक निघाला. निरभ्र रात्री मोकळ्यावरची पानं आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. गच्चीवर पहाटे दव पडतं आणि छपराखाली पडत नाही, त्याचं कारणही हेच. तेव्हापासून माझ्या कुंड्या दसऱ्याला गच्चीवर जातात. पहिल्या वर्षी चारपैकी एकीलाच फेब्रुवारीत दांडा आला, पण तो पुण्यात आला याचा मला फार आनंद झाला.

तुमच्या वहीतले आकडे पाहून मग झाड निवडा. महाबळेश्वर, पाचगणी, चिखलदरा, तोरणमाळ अशा उंचावरच्या गावी मोठ्या फुलांचे संकर घ्यायला हरकत नाही. महाबळेश्वरात भर पावसाळ्यातही रात्र सतरा-अठराच्या पुढे फारशी जात नाही, त्यामुळे तिथे झाड उन्हाळ्याच्या तडाख्यातून लवकर सावरतं. पुणे, नाशिक, सातारा इथे लहान फुलांचे, ज्यांना मिनिएचर म्हणतात, ते संकर घ्या. ते उकाडा जास्त सोसतात आणि बाल्कनीत मावतातही. नागपूर-अकोल्याकडे थंडी पुरेशी पडते, पण एप्रिल-मे झाडाला भाजून काढतो. तिथे दाट सावली आणि सतत ओलावा देण्याची तयारी असेल तरच यात पडा.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्यांना मात्र माझं स्पष्ट सांगणं आहे की फुललेली मोठी कुंडी बघून भुलू नका. मुंबईत जानेवारीतही किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास राहतं. ती कुंडी थंड ठिकाणी फुलवून तुमच्यापर्यंत आणलेली असते. फुलं महिनाभर टिकतील, पुढच्या वर्षी नुसती पानं येतील. त्याऐवजी एन्सिफोलियम या उष्णता सोसणाऱ्या आशियाई जातीपासून तयार केलेले संकर मागा. गोल्डन एल्फ हा त्यातला सहज ओळखला जाणारा, पिवळ्या सुवासिक फुलांचा. आणि आपल्या सह्याद्रीतच अलोइफोलियम आणि बायकलर या दोन जाती आहेत. आंबा-फणसासारख्या जुन्या झाडांच्या बेचक्यात त्यांची कोरफडीसारखी जाड पानं दिसतात आणि उन्हाळ्यात खाली लोंबणारे तपकिरी-पिवळट फुलांचे घोस येतात. त्या कोकणातल्या उकाड्यातच वाढलेल्या आहेत. फक्त नर्सरीत वाढवलेलं रोप घ्या, जंगलातून ओरबाडून आणलेलं नको. झाडावरून सोलून काढलेल्या आमरीची मुळं तुटतात आणि ती बहुतेकदा घरी येऊन मरते. जगातल्या सगळ्या आमरी साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे परदेशातून सामानात रोप घालून आणणं हाही गुन्हा ठरू शकतो.

परदेशात राहणाऱ्यांपैकी कॅलिफोर्नियाचा किनारा किंवा मेलबर्न इथे असाल तर तुम्ही नशीबवान. तिथे सिंबिडियम वर्षभर अंगणात राहतं. इंग्लंडात जून ते सप्टेंबर बाहेर ठेवा आणि गोठवणाऱ्या रात्री सुरू होण्याआधी गार, उजेडाच्या खोलीत घ्या. हीटरशेजारी मात्र नको. दक्षिण गोलार्धात या लेखातले महिने सहा महिन्यांनी पुढे सरकवून वाचा.

रोप निवडताना

फुलांकडे नंतर बघा, आधी कंद अंगठ्यानं दाबा. टणक हवा. सुरकुतलेला चालेल, मऊ पडलेला नको. किमान तीन कंद आणि त्यातल्या एकाला नवा फुटवा असावा. पानं उजेडात धरून बघा. पिवळसर रेघा, काळपट खोलगट चट्टे किंवा जाळीसारखी नक्षी दिसली तर ते रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. ते विषाणूचं लक्षण असू शकतं आणि त्यावर औषध नाही. (फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकापासून विषाणूमुक्त रोपं तयार करून दाखवली. आज नर्सरीत 'टिश्यू कल्चरचं रोप' म्हणून मिळतं त्याची सुरुवात तिथली.) बोटभर उंचीची रोपं स्वस्त असतात, पण ती फुलायला तीन ते पाच वर्षं लागतात. कालिंपाँग-सिक्कीमकडून कुरिअरनं मागवणार असाल तर फेब्रुवारीत मागवा. एप्रिल-मेमध्ये चार दिवस खोक्यात अडकलेलं रोप उकडून निघतं.

जागा आणि ऊन

उजेड पुरतोय की नाही हे पानांचा रंग सांगतो. पान पोपटी असेल तर बरोबर. गडद, तुकतुकीत हिरवं पान दिसायला सुंदर असतं, पण त्या झाडाला उजेड कमी पडतोय आणि ते फुलणार नाही. पिवळट होऊन त्यावर करपलेले डाग आले तर ऊन जास्त झालं. पूर्वेची बाल्कनी किंवा गच्ची सर्वात चांगली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी अकरापर्यंतचं ऊन थेट मिळू द्या. मार्च ते मे ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधा, आणि ती झाडापासून हात-दीड हात वर असू द्या, म्हणजे मधून वारा फिरेल. घरात टीपॉयवर झाड ठेवायचं ते फक्त फुलं असताना.

कुंडी, भरण आणि कुंडी बदलणं

सिंबिडियमला माती चालत नाही. त्याच्या जाड पांढऱ्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं आणि त्या आवरणाला पाण्याइतकीच हवाही लागते. पुण्यात मी वापरते ते भरण असं: निम्मे नारळाच्या सोडणाचे तुकडे, पाव भाग लोणारी कोळसा, पाव भाग भाजक्या विटेचे तुकडे. सगळे साधारण सुपारीएवढे. महाबळेश्वरात, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे सोडण कमी करून वीट आणि कोळसा वाढवा. पाइनची साल मिळाली तर सोडणापेक्षा चांगली, कारण ती उशिरा कुजते. कोकोपीटचा भुगा मात्र नको. त्यात पाणी साचून मुळं गुदमरतात.

सोडणात मीठ असतं. समुद्राकाठचा नारळ असेल तर जास्तच. तुकडे बादलीत भिजत घाला आणि चहासारखं तपकिरी झालेलं पाणी रोज फेकून द्या. तीन-चार दिवसांनी पाणी जवळपास स्वच्छ दिसू लागलं की शेवटच्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून एक रात्र ठेवा आणि पुन्हा धुवा. सोडणाला चिकटलेलं सोडियम त्यानं सुटतं. हे टाळलेल्या कुंडीत पानांची टोकं दोन महिन्यांत काळी पडलेली मी पाहिली आहेत.

कुंडी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. भरण कुजून भुगा व्हायला लागलं किंवा कंद कुंडीच्या काठाला टेकले की वेळ झाली. आपल्याकडे योग्य काळ फुलं संपल्यावर, फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. नवा फुटवा तेव्हा दोन-तीन बोटं वर आलेला असतो आणि त्याची मुळं फुटण्याच्या बेतात असतात. एप्रिलमध्ये करू नका. मुळांना जखम आणि वर उन्हाळा, हे दोन्ही झाड एकदम सोसत नाही.

आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं लवचीक होतात. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाजू दाबून सैल करा. मातीची असेल आणि मुळं चिकटली असतील तर सरळ कुंडी फोडा, मुळं तोडू नका. झाड बाहेर काढून जुनं भरण बोटांनी झाडून टाका. चांगलं मूळ पांढरं आणि भरीव लागतं. कुजलेलं तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात दोरा राहतो. अशी मुळं कापून टाका. कात्री किंवा सुरी प्रत्येक झाडाआधी गॅसच्या ज्योतीवर तापवून घ्या. एकाच सुरीनं एकामागून एक झाडं कापली तर विषाणू या झाडातून त्या झाडात जातो, आणि घरातला अख्खा संग्रह बाद होण्याचं सर्वात साधं कारण हेच असतं.

झाड फार मोठं झालं असेल तरच विभागणी करा, आणि एका भागात पानं असलेले किमान तीन कंद ठेवा. एकेक कंद सुटा केला तर चार कुंड्या होतील, पण पुढची तीन वर्षं एकही फुलणार नाही. मला विचाराल तर मोठा, दाटलेला जथा हीच सिंबिडियमची शोभा. चार-पाच दांडे एकदम येतात ते तशाच कुंडीत.

नवी कुंडी रुंदीपेक्षा उंचीला जास्त घ्या, कारण मुळं खाली जातात. माप एवढंच की पुढच्या दोन वर्षांच्या कंदांना जागा राहील. फार मोठ्या कुंडीत मधलं भरण ओलंच राहतं. भोकं मोठी हवीत. तळाशी विटेचे मोठे तुकडे, त्यावर थोडं भरण, मग झाड. सगळे फुटवे एकाच बाजूला असतील तर जुने कंद कुंडीच्या काठाला टेकवा आणि नव्या फुटव्याच्या बाजूला मोकळी जागा सोडा. कंदाचं बूड भरणाच्या पृष्ठभागावर टेकलेलं असावं, पुरलेलं नको. पुरलेल्या कंदाचा फुटवा पावसाळ्यात कुजतो. मुळांमध्ये भरण काडीनं ठोसत बसवा. झाड धरून कुंडी उचलली तर हललं नाही पाहिजे. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं घासून मोडतात.

त्यानंतर दोन आठवडे सावली. पानांवर सकाळी फवारा, भरणाला बेतानं पाणी आणि नवी मुळं दिसेपर्यंत खत नाही.

पाणी

बहुतेकांची झाडं पाण्याच्या कमी-जास्त प्रमाणानं नाही, तर पाण्यातल्या क्षारांनी खंगतात. आमच्या सोसायटीत दोन उन्हाळे बोअरचं पाणी होतं. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळू लागली आणि मी त्याला बुरशी समजून औषधं मारत बसले. पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. आकडा २०० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा, ५०० च्या पुढे असेल तर ते पाणी सिंबिडियमला नको. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर कधीच घालू नका, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. पावसाचं पाणी सर्वोत्तम. गच्चीवर झाकणाचं एक पिंप भरून ठेवलं तर चार-पाच कुंड्यांना बरेच दिवस पुरतं. महिन्यातून एकदा कुंडीतून आरपार भरपूर साधं पाणी वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

किती घालायचं याला तारीख-वार नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायला शिका. ताज्या पाण्याची कुंडी जड लागते, अर्धी हलकी झाली की पुन्हा पाणी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर हे रोज करावं लागेल, जानेवारीत तीन-चार दिवसांनी. पूर्ण कोरडं कधीच पडू देऊ नका. पाणी सकाळी घाला, तळातून वाहीपर्यंत घाला, आणि कुंडीखाली ताटली ठेवू नका.

खत

द्राक्षबागायतदारांच्या दुकानात मिळणारी विद्राव्य खतं इथे चालतात. त्यांच्या नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. मार्च ते ऑगस्ट १९:१९:१९ लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या भरणावर. दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट तेवढ्याच प्रमाणात. दोन्ही एकाच पाण्यात मिसळू नका, साका धरतो. सप्टेंबरपासून नत्र कमी करा आणि ०:५२:३४ अर्धा ग्रॅम पंधरवड्यातून एकदा द्या. दांडा दिसला की खत थांबवलं तरी चालतं. शेणखत किंवा पेंड कुंडीत टाकू नका, भरणाच्या फटी बुजतात आणि गोगलगायी येतात.

पावसाळा आणि कोजागिरी

वळवाचे आणि मृगाचे पाऊस झाडाला खुशाल झेलू द्या, पानं धुऊन निघतात. झड लागली की मात्र पारदर्शक पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकखाली घ्या, चारही बाजूंनी वारा खेळता ठेवून. नव्या फुटव्याच्या पानांच्या पेल्यात पाणी साचलं आणि हवा कोंदली की फुटवा मधूनच काळा पडतो आणि बोटानं ओढला तर अलगद निघून येतो. वर्षाचं फूल गेलं ते तिथेच. ढगाळ दिवसांत शेडनेट काढून टाका.

सप्टेंबरच्या मध्यापासून झाडाला जास्तीत जास्त उजेड द्या. ऑक्टोबरात दुपारचा उकाडा जीवघेणा असतो, पण हवा कोरडी झालेली असते, आणि त्या कोरड्या हवेचाच उपयोग करून घेता येतो. सूर्य मावळल्यावर गच्चीची फरशी आणि कुंड्यांची बाहेरची बाजू ओली करा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि झाडाभोवतीची रात्र लवकर गार होते. पानांच्या पेल्यात मात्र तेव्हा पाणी जाऊ देऊ नका. कुंडीत बर्फाचे खडे टाकण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, त्यानं मुळं दुखावतात आणि रात्र काही गार होत नाही.

कोजागिरीपासून दर आठवड्याला कंदांची बुडं बॅटरी घेऊन तपासा. चपटा कोंब, ज्याचं टोक लवकरच पंख्यासारखं उघडतं, तो पानांचा. गोल, फुगीर, पेन्सिलीसारखा कोंब तो फुलाचा. पाचगणीत तो दिवाळीनंतर दिसतो, पुण्यात संक्रांतीपर्यंत वाट पाहावी लागते.

दांडा आल्यावर

दांडा वीतभर झाला की शेजारी बांबूची काडी रोवा आणि मऊ सुतळीनं सैल बांधा, जसा वाढेल तसं वरचं बांधणं सरकवत न्या. कडक दुपारी दांडा थोडा लवचीक असतो, सकाळी काचेसारखा मोडतो, म्हणून बांधायचं काम दुपारचं. कुंडीची दिशा आता बदलू नका. दांडा उजेडाकडे वळत असतो, कुंडी फिरवली तर कळ्या वेड्यावाकड्या लागतात.

कळ्या पिवळ्या होऊन गळतात तेव्हा बहुधा तीनपैकी एक कारण असतं: रात्र एकदम उबदार झाली, भरण कोरडं पडलं, किंवा शेजारी पिकणारी फळं होती. केळी, सफरचंद, चिकू पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि कळ्यांना तो सोसत नाही. म्हणून फुललेली कुंडी जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. मधमाशी फुलात शिरून परागांच्या गोळ्या हलवून गेली की ओठ लालसर होतो आणि ते फूल चार-दोन दिवसांत मान टाकतं. उंदीरही परागांसाठी फुलं कुरतडतात. फुलं जाळीच्या खिडकीआत घेतली की ही दोन्ही संकटं टळतात. गार जागी कुंडीवरची फुलं सहा ते दहा आठवडे राहतात. शेवटचं फूल उमलल्यावर तीन-चार आठवड्यांनी दांडा कापून फुलदाणीत ठेवला तर तिथेही बरेच दिवस टिकतो आणि झाडाची ताकद नव्या फुटव्याकडे वळते. (भूतानमध्ये कोवळ्या कळ्यांच्या दांड्यांची भाजी करतात. चार वर्षं दांड्याची वाट पाहिल्यावर माझा तरी हात धजणार नाही.)

कीड

सर्वात जास्त नुकसान लाल कोळी करतो, आणि तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. मार्च ते मे पानाच्या मागच्या बाजूवरून पांढरा ओला कापूस फिरवा. कापसावर तांबूस डाग आला किंवा पानामागे चंदेरी ठिपके दिसले तर कोळी आहे. त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते. त्यामुळे पहिला उपाय रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर जोराचा फवारा, दुसरा आठवड्यातून एकदा निंबोळी तेल, लिटरमागे पाच मिलिलिटर, दोन थेंब भांड्यांच्या साबणासह, संध्याकाळी. तीन आठवडे सलग केलं तरच उपयोग होतो, कारण अंडी उबत राहतात. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा. कळ्यांवर मावा आला तर साधं पाणी पुरतं. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचा.

विषाणूची शंका असलेलं झाड वेगळं ठेवा. नव्या पानांवरही तेच चट्टे आले तर ते झाड पिशवीत बांधून टाकून द्या. मी एकदा जीव न झाल्यानं वर्षभर ठेवून घेतलं होतं. त्यापायी शेजारची दोन झाडं गेली.

मागचे कंद

कुंडी बदलताना पानं नसलेले, पण टणक कंद सुटे झाले तर फेकू नका. वाळलेली सालं काढा, कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि ओल्या शेवाळात अर्धा कंद बुडेल असा ठेवा. वर भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. दोन-तीन महिन्यांत बुडाशी हिरवा डोळा फुटतो. त्याला स्वतःची मुळं आली की पेल्याएवढ्या कुंडीत हलवा. फुलायला तीन-चार वर्षं लागतात. पाचगणीला फुललेल्या त्या कुंडीचे असे दोन कंद मी लावले होते. एक कुजला, दुसऱ्याचे आता तीन कंद झालेत आणि तिसरा या पावसाळ्यात चांगला भरलाय. दसऱ्याला तोही गच्चीवर जाईल.